आभाळाची कास

वादळाचा भोंगा वाजला तेव्हा व्लास्ता अंगणातल्या तळघराच्या झाकणाशी खुर्ची टाकून बसली होती, आणि उठायचं तिच्या मनात नव्हतं.

अमेरिकेतल्या या नेब्रास्कातच तिचा जन्म गेला. वादळ आलं की बायकापोरांनी जमिनीखाली उतरायचं, काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी अंग चोरून बसायचं, हा तिथला शिरस्ता. तिचे वडील तेवढे गाई आत घ्यायच्या निमित्तानं मागे रेंगाळायचे. मग खाली येऊन हळूच म्हणायचे, "आज आभाळाला कास फुटली होती." दुभत्याचं घर, कास कशी भरते ते पोरींना ठाऊक. पण पाहायला वर कुणी सोडलं नाही. पुढे सासूनं सोडलं नाही, आता सून सोडत नव्हती. आणि डोळे तर जात चालले होते. समोरच्याच्या चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग दिसायचा. कडा तेवढ्या उरल्या होत्या, त्याही आकसत चाललेल्या.

"आई, चला खाली. उडून गेलात तर तुमच्या लेकाला काय सांगू?" इर्मानं तिचा दंड धरला.

"सांग, म्हातारी गेली. आता तुझ्या खसखशीच्या पावाला नावं ठेवायला कुणी नाही."

"ते सांगेनच. आधी उतरा."

उतरावं लागलं. डोक्यावरच्या झाकणावर गारा ताशासारख्या वाजल्या, मग थांबल्या. रेडिओवरचा माणूस अजून वर येऊ नका म्हणत होता. व्लास्तानं पायऱ्या चाचपल्या आणि झाकणाला खांदा लावला.

"आई, थांबायला सांगतायत."

"जन्मभर थांबले गं."

तिला ओढायला इर्मा मागोमाग वर आली, आणि तिचा हात तसाच हवेत राहिला.

वादळ पूर्वेला सरकलं होतं. त्याच्यामागे सगळं आभाळ खाली ओथंबलेलं. एकाला लागून एक, भरल्या कासेसारखे गोल ढग. गोठ्यावरून मक्याच्या शेतावर, आणि त्याच्याही पलीकडे. मावळतीचं ऊन त्यांना खालून लागलं होतं. केशरी रंग बघता बघता गुलाबी झाला. वारा पडला होता. गाईंचं हंबरणंसुद्धा थांबलं होतं.

"दिसतंय का तुम्हाला?" इर्माचा आवाज बारीक झाला होता. "माझ्या बोटाकडे बघा."

"बोट कशाला?"

डाग होताच, मधोमध. पण त्यामागे चेहरा झाकला जायचा, तसं हे झाकलं जात नव्हतं. मान कुठेही वळवली तरी कडेकडेनं ते होतंच.

"पान्हावलंय गं," व्लास्ता म्हणाली.

दोघी ओल्या गवतात उभ्या राहिल्या. तळघरातून रेडिओ सांगत होता, खालीच थांबा, खालीच थांबा.