आवडाबाईची फणी

मित्रांनो, मी एक जुनी शिसवी फणी आहे. कारागिराने बारीक करवतीने माझा एकेक दात कापला. मोहने गावच्या भिवाने मला कल्याणच्या बाजारातून बायकोसाठी, आवडाबाईसाठी आणलं. तिचे केस कमरेपर्यंत. दुपारी ओट्यावर बसून ती आळीतल्या पोरींची डोकी विंचरायची. माझ्या तावडीतून ऊ सुटायची नाही.

भिवा गेला. आवडाबाई एकटीच बोलू लागली, नदीवर जाऊन बसू लागली. मुलाने, दिपेशने, तिला दूरच्या एका मनोरुग्णांच्या संस्थेत टाकलं आणि मला डब्यात. अकरा वर्षं. तो भेटायला किती वेळा गेला ते विचारू नका. मला लाज वाटते, त्याला वाटत नाही.

मग म्हाताऱ्या माणसांवर घरीच उपचार करायचं संस्थेने ठरवलं आणि ती परत आली. डोक्यावर बोटभर केस. तिकडे उवांवर एकच औषध होतं, कात्री. त्यामुळे कोणाचा हात वर झाला की ती खाटेखाली शिरायची.

"महिनाभर बघतो," दिपेश म्हणाला. "नाय जमलं तर परत सोडून येणार."

सुनेने, रुपालीने, मला घेऊन तिचे केस विंचरायचा चारदा प्रयत्न केला. पाचव्यांदा वैतागून तिने कात्री काढली. आवडाबाई खाटेखाली गेली ती बाहेर येईना.

"बघ, बोललेलो ना," दिपेश म्हणाला.

तो बुधवार होता. दर बुधवारी दर्शना नर्स गोळ्या द्यायला घरी यायची. तिने कात्री फळीवर ठेवली, मला खाटेखाली सरकवलं आणि आपली वेणी सोडून खाटेकडे पाठ करून जमिनीवर बसली.

"आजी, माझे विंचरा ना. सकाळपासून वेळच नाही झाला."

 मला धरलेला हात खाटेखालून बाहेर आला. मी केसांत शिरले, अकरा वर्षांनी.

"नर्स हाईस ना गो बाय तू?" आवडाबाई म्हणाली. "न डोक्यान ऊ?"

दर्शना लाजली. "पोरगी आणते शाळेतनं."

रुपाली हसून हसून उंबऱ्यातच बसली. दिपेश मात्र कात्री घेऊन आत गेला. ती कात्री पुन्हा दिसली नाही.

महिना कधीच उलटला. आवडाबाई अजून एकटी बोलते, नदीवरही जाते. आळीतलं कोणीतरी तिला चहाच्या वेळेला घेऊन येतं. ओट्यावर पुन्हा डोकी जमतात.

मित्रांनो, माझे चार दात पडलेत, तरी सांगते. माणसाचं डोकं बिघडलं म्हणून त्याला लांब टाकू नका. आणि घरी आणलंत म्हणजे उपकार केलेत असं समजू नका. आधी आपलं डोकं त्याच्या हातात द्या.

काल आवडाबाईने मला रुपालीच्या हातात ठेवलं आणि तिच्याकडे पाठ करून बसली.