अठराचे चौदा कर

वेसाव्याच्या मासळीबाजारात सखुबाईने सांगितलेला भाव मोडायची कुणाची टाप नव्हती. तीच सखुबाई आज सरकारी दवाखान्यात, दीड महिन्याचा नातू मांडीवर घेऊन, समुपदेशक चेतना मॅडमसमोर बसली होती. शेजारी सून कल्पिता. पंधरा दिवस पोरगी नुसती रडत होती. बाळ उठलं की रडे, झोपलं की आता उठेल म्हणून रडे. काल तर बोंबलांची उघडी तोंडं बघून रडली.

सखुबाई आली होती फुकटचं टॉनिक न्यायला. मॅडमने काढला प्रश्नांचा कागद.

"गेल्या आठवड्यात हसू आलं का?"

"आलं की! सीरियल बघताना," सखुबाई म्हणाली.

"मावशी, तुम्हाला नाही विचारलं."

मग कल्पिताने खालमानेने एकेक उत्तर दिलं. मॅडमने बेरीज केली. "अठरा. जितके गुण जास्त, तितकं मन दमलेलं."

"अठरा?" सखुबाई उसळली. "बोहनीलाच लुटतेस काय? बारा कर."

"मावशी, हे कमी नाही होत."

"गावातली पोर आहे गो, परकी नाय. बरं, तुझं नाय माझं नाय, चौदा!"

मॅडमने नकारार्थी मान हलवली. सखुबाई नातवाला घेऊन तरातरा दाराकडे निघाली. गिऱ्हाईक चार पावलं गेलं की मागून हाक येतेच. इथे हाक नाही, हुंदका आला.

"आई, अठरासुद्धा कमीच सांगितलेत मी. तुमच्या भीतीने."

सखुबाई परत येऊन धपकन बसली.

"बावीस लिही," ती मॅडमवर खेकसली. "आमच्या सुनेचं काय हलकं मोजायचं नाय. आता औषध सांग."

"दर बुधवारी इथे यायचं, बोलायचं. पैसे लागत नाहीत. आणि रोज चार तास सलग झोप. तेवढा वेळ बाळ तुमच्याकडे."

"चार? आणि माझा बाजार? दोन."

"पाच," कल्पिता म्हणाली.

सखुबाईने डोळे वटारले. "तीन!"

कल्पिता उठली. बाळ सासूच्या मांडीवर तसंच ठेवून तरातरा दाराकडे निघाली. एक पाऊल, दोन, तीन, चार. बाळाने भोकाड पसरलं.

"ए गो कल्पे! ये मागं! घे पाच!"

दारातून कल्पिताचं फिसकन हसू ऐकू आलं.

"आलं गो हसू," सखुबाई कागदावर बोट आपटत म्हणाली. "लिही आधी."