रंभेचं दुखणं

प्रभाकररावांनी मऊ भातात उकडलेलं अंडं कुस्करलं, ओठ पुढे काढून त्यावर फुंकर घातली आणि एक घास रंभेच्या तोंडाशी नेला.

“घे ना गं राणी. एवढा एकच. माझ्यासाठी.”

रंभेने घास हुंगला आणि मान फिरवली. ती खिडकीखालच्या फरशीवर पोट टेकून पडली होती. काळ्याभोर अंगाची, कानांच्या टोकांशी तांबूस, एरवी ताटलीचा आवाज आला की घरभर नखं वाजवत धावणारी कुत्री. आज तिची शेपटीसुद्धा हलली नाही.

“कालपासून नुसतं पाणी पितेय,” प्रमोदिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. “डॉक्टरांकडे न्या.”

“उकाडा किती आहे. माणसांनासुद्धा जेवण जात नाहीये.”

“सकाळी तिच्या गादीवर डाग होता. मी धुऊन टाकला.”

“कसला डाग?”

“पिवळट. वासही होता. तिचे दिवस होऊन महिनाच झाला ना? ते बरं नाही.”

प्रभाकररावांची नजर गोंधळून खाली गेली. असल्या गोष्टी त्या घरात कधी मोठ्याने बोलल्या गेल्या नव्हत्या. पूर्वी विषय त्या बाजूला वळतोय असं वाटलं की ते वर्तमानपत्र उघडत. आज मात्र त्यांनी ताटली खाली ठेवली, हात झब्ब्यालाच पुसला आणि गळ्यातला पट्टा शोधायला उठले.

“चल गं बाळा. डॉक्टरताई काय म्हणतात बघू.”

रंभा त्यांच्याकडे आली ती ते रिटायर झाले त्या वर्षी. कंपनीतल्या जुन्या सहकाऱ्याच्या, पोपट म्हात्र्यांच्या आंबिवलीच्या घरी कुत्रीला पिल्लं झाली होती. प्रभाकरराव सहज म्हणून तिकडे गेले आणि येताना रिक्षातून पिशवीत घालून एक पिल्लू घेऊन आले. नाव म्हात्र्यांच्या आईने आधीच ठेवलं होतं. प्रमोदिनीला ते चारचौघांत हाक मारायला लाजिरवाणं वाटलं. पण प्रभाकरराव खडकपाड्याच्या त्यांच्या सोसायटीच्या आवारात उभे राहून खुशाल “रंभे, ए रंभे” अशा हाका मारू लागले.

पहिले काही महिने हाल झाले. दोघांनीही जन्मात कुत्रं पाळलं नव्हतं. पिल्लू बैठकीत, पलंगाखाली, देवघरासमोर, वाटेल तिथे घाण करी. टीपॉयचा पाय आणि प्रभाकररावांचा चष्मा तिने चावून टाकला. रात्री ती आईसाठी रडे, तेव्हा प्रभाकरराव बैठकीत सतरंजी टाकून तिच्याजवळ झोपत. सकाळी गुडघे धरून उठत आणि फिनेलची बादली भरत. लग्न झाल्यापासून प्रमोदिनीने त्यांच्या हातात फडकं पाहिलं नव्हतं. सोसायटीने लिफ्टमध्ये कुत्री आणायची नाहीत असा नियम काढला, तेव्हा ते सेक्रेटरी संदेश कारखानीसांच्या दारात जाऊन इतकं भांडले, की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन उभे राहिले. स्वयंपाकघराचं छत सलग तीन पावसाळे गळलं होतं, तेव्हा याच कारखानीसांना एक चिठ्ठी लिहा म्हणून प्रमोदिनी नवऱ्याच्या मागे लागली होती. ‘उगाच कशाला वितुष्ट,’ असं ते म्हणाले होते.

कुत्रीवर तिचा राग नव्हता. असता तर सोपं गेलं असतं. दुपारी ती ओट्यापाशी उभी असली की रंभा येऊन तिच्या पावलावर हनुवटी टेकून झोपे. ते ऊबदार ओझं हलू नये म्हणून प्रमोदिनी कित्येकदा तशीच उभी राहून भाजी निवडे.

राग कशाचा होता, ते तिला नीट सांगता आलं नसतं. प्रभाकररावांबद्दल वाईट बोलावं असं काही नव्हतंच. पगार घरी यायचा, आवाज कधी चढला नाही, व्यसन नाही. बायका म्हणत, नशीब काढलंस. आणि नशीबच ते, असं तीही धरून चालली होती. हे माणूस बोलणारं नाही, जवळ घेणारं नाही, अशी स्वतःची समजूत तिने लग्नानंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांत घालून घेतली होती. त्यांच्या स्वभावातच ते नाही, त्याला ते तरी काय करणार? त्या एका वाक्यावर तिने अख्खा संसार केला होता. आणि मग आंबिवलीहून पिशवीत बसून हे पिल्लू आलं.

मागच्या हिवाळ्यात एकदा ती मटार सोलत बसली होती. सकाळपासून पाहुणे होते, ते नुकतेच गेले होते. बैठकीतून आवाज आला, “दमलीस ना गं आज? किती धावपळ केलीस.”

“नाही हो,” ती पटकन म्हणाली. “आता कसली दमणार? सवयीचं आहे.”

बोलता बोलता ती दारापर्यंत आली होती. प्रभाकरराव जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि रंभेचे पंजे ओल्या कपड्याने पुसत होते. तिचं बोलणं त्यांना ऐकूही गेलं नव्हतं. प्रमोदिनी परत फिरली. मटाराचे दाणे कुठे होते आणि सालं कुठे, हे तिला क्षणभर कळेना.

ऋजुता, त्यांची मुलगी, ठाण्याहून कधीमधी यायची, तेव्हा हसून म्हणायची, “आई, बाबा किती सॉफ्ट झालेत गं! मला तर शाळेत सोडायलासुद्धा कधी आले नाहीत.” ती हसायची, पण हसू संपल्यावर थोडा वेळ बापाकडे बघत राहायची. प्रमोदिनी तेव्हा चहा गाळायला आत जायची.

आधारवाडीच्या रस्त्यावर डॉक्टर क्षिप्राचा दवाखाना होता. तिने रंभेचं पोट दाबून पाहिलं, सोनोग्राफी केली आणि पडद्यावरचे काळे फुगे दोघांना दाखवले.

“काका, गर्भाशयात पू झालाय. पिशवी काढावी लागेल. आजच. थांबण्यात धोका आहे.”

“पिशवी?”

“हो. खरं तर लहानपणीच ऑपरेशन करून घेतलं असतं, तर ही वेळच आली नसती. मी तेव्हा म्हटलेलं तुम्हाला.”

“मला वाटलं, एवढ्याशा जिवाला उगाच कशाला कापायचं...” प्रभाकररावांचा आवाज फुटला. त्यांनी रंभेचं डोकं दोन्ही हातांत धरलं. “डॉक्टर, ती शुद्धीवर येईल तेव्हा मी समोर असलेलो चालेल का? घाबरेल हो ती. कोणी ओळखीचं दिसलं नाही तर घाबरेल.”

“चालेल की. मी बोलावते तुम्हाला.”

प्रमोदिनी भिंतीपाशी उभी होती. तिने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

तिची पिशवी काढली तेव्हा ऋजुता कॉलेजात होती. हॉस्पिटल कल्याणातलंच, स्टेशनाजवळचं. प्रभाकररावांनी सगळं व्यवस्थित केलं होतं. चांगला डॉक्टर बघितला, स्वतंत्र खोली घेतली, सही केली आणि कंपनीत गेले. प्लँटचं वार्षिक शटडाउन होतं, दुरुस्तीच्या त्या दिवसांत सुट्टी मिळण्यासारखी नव्हती. ती शुद्धीवर आली तेव्हा समोर हिरवा पडदा होता आणि एक आया फरशी पुसत होती. ‘तुमचे मिस्टर संध्याकाळी येणार आहेत,’ असं आयाने सांगितलं. ते आले, खुर्चीवर बसले, सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिले. ‘सगळं नीट झालं म्हणाले,’ एवढं बोलले. मग डबा लावलाय, काळजी करू नकोस, असं सांगून भेटायची वेळ संपायच्या आधीच उठले. तिला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं. त्यांच्या स्वभावातच नाही, असं तिने नंतर उशाशी येऊन बसलेल्या आपल्या आईलाही सांगितलं होतं.

रंभेला आत नेलं. मदतनीस म्हणाला, काका, घरी जाऊन या, वेळ लागेल. प्रभाकरराव गेले नाहीत. दवाखान्याबाहेर कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक होता, तिथे ते बसले. समोरून रिक्षा जात होत्या, रसवंतीवाल्याचे घुंगरू वाजत होते. प्रमोदिनीने टपरीवरून दोन कटिंग आणले. त्यांनी ग्लास हातात घेतला आणि तसाच खाली ठेवून दिला.

मग ते रडले. तोंड फिरवलं नाही की चष्मा काढला नाही. नाक गळत होतं, खांदे हलत होते. त्यांची आई गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते. येणारेजाणारे बघत होते.

“माझ्यामुळे झालं,” ते म्हणाले. “मीच हलगर्जीपणा केला.”

“तुम्हाला काय माहीत होतं?” प्रमोदिनी म्हणाली. तिचा हात त्यांच्या पाठीपर्यंत गेला आणि तिथेच हवेत थांबला. तिने तो परत घेतला, पर्समधून रुमाल काढून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि आपला चहा संपवला. चहा चांगला होता. त्याचंच तिला वाईट वाटलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. आतून हाक आली तेव्हा प्रभाकरराव चप्पल बाकाखालीच विसरून धावले. प्रमोदिनी ती चप्पल हातात घेऊन मागोमाग गेली. काचेच्या दारातून तिला दिसलं, रंभेचे डोळे अर्धवट उघडले होते, जीभ बाहेर लोंबत होती आणि प्रभाकरराव तिच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होते. शब्द ऐकू येत नव्हते. प्रमोदिनीने ऐकायचा प्रयत्नही केला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रंभेला घरी सोडलं. रिक्षावाल्याला प्रत्येक खड्ड्याला हळू, हळू म्हणत त्यांनी तिला मांडीवरून आणलं. बैठकीत जुन्या रजईची घडी टाकली, गळ्याभोवती प्लास्टिकचं नरसाळं बांधलेल्या रंभेला त्या घडीवर ठेवलं आणि पंखा कमी केला. ऋजुताचा फोन आला, तो प्रमोदिनीने घेतला.

“बाबा ठीक आहेत ना गं?” ऋजुताने विचारलं.

“आहेत.”

“आणि तू?”

“मला काय झालंय?” प्रमोदिनी म्हणाली. “ठेवते. मेथी निवडायचीय.”

ती जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडायला बसली. उजेड अजून होता, समोरच्या इमारतीच्या काचांवर पिवळा पडला होता. थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दारात सावली पडली. प्रभाकरराव चौकटीला धरून उभे होते.

“तुला एक विचारायचं होतं.”

“विचारा.”

“तुझंही हे झालेलं ना? ऑपरेशन.”

प्रमोदिनीचा हात जुडीवर थांबला. तिने वर पाहिलं.

“फार दुखतं का गं?”

ते खरंच विचारत होते. कपाळाला आठ्या, डोळे सुजलेले, अंग पुढे झुकलेलं. इतकं लक्ष देऊन त्यांनी तिच्याकडे कधी पाहिलं होतं, हे तिला आठवेना.

“म्हणजे,” ते म्हणाले, “तिला सांगता येत नाही ना. म्हणून म्हटलं, तुला विचारावं.”

प्रमोदिनीने मेथीची एक काडी उचलली आणि पानं खुडली. एकही देठ येऊ न देता खुडली.

“कुशीवर वळताना टाके ओढतात,” ती म्हणाली. “तेव्हा तिला एकटीने वळू देऊ नका. आधार द्या. तहान लागते, पण मागावंसं वाटत नाही. आपणच पाणी पुढे करायचं.”

“बरं.”

“खोकला आला की पोट फाटेल असं वाटतं.”

“बरं. आणि?”

“आणि दुपारी रडू येतं. उगाचच. कुणी काही बोललेलं नसतं, तरी.”

“मग काय केलं की बरं वाटतं?”

खाली सोसायटीच्या आवारात पोरं खेळत होती, कुणीतरी आऊट झाल्याचा गलका झाला.

“पायाशी कुणी बसलं की बरं वाटतं,” ती म्हणाली. “बोलायची गरज नसते. नुसतं बसलं तरी.”

प्रभाकररावांनी मान हलवली, कामाची सूचना नीट समजल्यासारखी. “बरं झालं विचारलं,” असं म्हणून ते वळले. बैठकीत त्यांचे गुडघे वाजले, रजई सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

प्रमोदिनीने निवडलेली भाजी रोवळीत घातली आणि नळाखाली धरली. पाणी हिरवट होऊन मोरीत जात राहिलं.

“अगं,” बाहेरून हाक आली. “ते रडू येणं... किती दिवस राहतं ते?”

तिने नळ बंद केला आणि ओल्या हातांनीच दारापर्यंत आली. प्रभाकरराव रजईच्या खालच्या टोकाला भिंतीला टेकून बसले होते, रंभेची मागची दोन्ही पावलं त्यांच्या ओंजळीत होती. रंभा जागीच होती. नरसाळ्यातून ती प्रमोदिनीकडे बघत होती.

“तिचं थांबेल लवकर,” प्रमोदिनी म्हणाली.

“नक्की ना?”

“हो. तिचं थांबेल.”

प्रभाकररावांनी सुटल्यासारखा श्वास सोडला आणि पावलांवरून हळूहळू अंगठा फिरवू लागले.