उडीखालची गादी

या मित्रांनो, टेका जरा. टीव्हीवरच्या ज्या उडीला तुम्ही शिट्ट्या मारता ना, तिची खरी गोष्ट आज सांगते. मी एक जुनी गादी आहे. हीच, तुमच्यासमोर पलंगावर पडलेली.

गादीवाल्यानं मला जाड ताडपत्रीत शिवलं. पोटात काथ्या, वर फोम, ओढायला कडेला पट्टे. माझं काम झोपवायचं नव्हतंच. हिंदी मारामारीच्या सिनेमात वरून पडणाऱ्याला झेलायचं. हिरो गच्चीवर नुसता डोळे वटारायचा. त्याचा शर्ट घालून, कॅमेऱ्याकडे पाठ करून उडी मारायचा तो हा, माझ्यावर पडलेला तुमचा काका. तेव्हा सगळे त्याला कबुतर म्हणायचे.

त्याची एक रीत होती. आधी वरून वाळूचं पोतं सोडायचं. ते माझ्या मधोमध पडलं, की मग स्वतः. वीस वर्षं झेललं मी त्याला. उठला की मला थोपटायचा. मीही फुगायची.

त्याला त्या सिनेमांचं भारी वेड. असतं काय हो त्यात? गुंड वीस, पण येणार एकेक, जणू डॉक्टरकडे नंबर लावलाय. हिरोला चार गोळ्या लागल्या तरी भाषण पुरं करणार. सगळं खोटं. तरी पडद्यावरच्या आईनं लेकाला हाक मारली की कबुतर ढसाढसा रडायचा. कशाला लपवू, माझाही काथ्या हलायचा.

त्या दिवशी पोतं टाकून झालं होतं. तेवढ्यात कॅमेरावाला ओरडला, "गादी दिसतेय! मागे घ्या!" मला दोन हात मागे ओढलं. वर गच्चीवर हिरो मरणाऱ्या आईचं डोकं मांडीवर घेऊन बोलत होता. कबुतर कठड्यापाशी डोळे पुसत उभा.

"पोतं परत टाक रे," फाइटमास्टर खालून म्हणाला.

"थांबा हो मास्टर, आई चाललीय!"

आई गेली. इशारा झाला. कबुतर भरल्या डोळ्यांनी तसाच कठड्यावर चढला. मास्टरनं दुसऱ्यांदा सांगितलंच नाही. तोही रडत होता.

पाय माझ्यावर आले, कंबर फरशीवर. तो आवाज सिनेमात नाही. तिथं बाजा घातलाय. उडी मात्र तीच ठेवली.

तेव्हापासून कमरेखाली तो नाहीच. मास्टरनं मला त्याच्यासोबत घरी पाठवलं. आता तुम्ही दुपारी येता, तोच सिनेमा लावता, आणि उडी आली की पहिली शिट्टी त्याची.

"बाबा, स्वतःच्या पडण्यावर शिट्ट्या मारता?" लेक परवा चिडली.

"अगं, बघ तरी! काय रुबाब आहे!"

तिनं त्याला वळवलं, तर पाठीवर तळहाताएवढी जखम. वीस वर्षं झेललं त्याला, आणि आता मीच खातेय. काथ्याचा दगड झालाय माझ्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर हे चिघळून जीव जाईल. लेक दुकानातून येते सातला.

म्हणून मित्रांनो, एवढं करा. जाहिरात लागली की दोघं उठा. एकानं खांदा धरा, एकानं कंबर, आणि हळूच त्याला कुशीवर घ्या. नको म्हणेल, ऐकू नका. तोंड टीव्हीकडे ठेवा, म्हणजे फार कुरकुरणार नाही.