झाकणवालीची लाइन

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण पडलं आणि फरशीवर गोल गोल फिरत, थकत थकत, शेवटी थरथरून गप्प झालं. त्याआधी घरात इतकी शांतता होती की मला माझा श्वासही मोठा वाटत होता. पंखा बंद, खिडक्या बंद, फ्रिजसुद्धा बंद. डोक्यावरून रजई ओढून, तोंडाशी फोन धरून मी जमेल तितक्या गोड आवाजात सांगत होते, "दवाखाना रोज सकाळी उघडतो. लहान मुलांना लस टोचायची असेल तर..."

झाकण गप्प झालं आणि रजईच्या कडेखालून एक छोटं, बिस्किटाच्या चुऱ्यानं माखलेलं बोट आत आलं.

"आई, झालं?"

ही खारू. खरं नाव वेगळं आहे, पण पाय फुटल्यापासून ही पोरगी घरातले डबे हुंगत फिरते, म्हणून तिच्या आजीनं खारूताई म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. तिची दुपारची झोप म्हणजे माझं ऑफिस. त्या दिवशी ऑफिस लवकर सुटलं. पुन्हा रेकॉर्ड करायला वेळ नव्हता, प्रकल्पाचे सर वाट बघत होते. झाकण आणि "आई, झालं?" सकट तो निरोप मी पाठवून दिला.

आमचं संशोधन तसं एका सरळ प्रश्नावर उभं होतं. जिथे वाचता येणारी माणसं थोडी आणि फोन साधे, बटणांचे, अशा वस्तीत बोलणारी लाइन लोकांच्या काही कामाला येते का? कालव्यापलीकडच्या वस्तीत आम्ही एक फुकट नंबर दिला. नंबर फिरवायचा, एक दाबलं की वस्तीच्या सरकारी दवाखान्याची माहिती, दोन दाबलं की आपला प्रश्न बोलून ठेवायचा. माहिती आरोग्य खात्यानं लिहून दिली होती. आवाजासाठी कुणी मिळेना, तेव्हा सर म्हणाले, "तुझाच दे की. आई झाल्यापासून तसाही तुझा आवाज समजूत काढल्यासारखाच येतो."

सुरुवातीला लोक दोन दाबून नुसते श्वास घेत. मग कुणीतरी खोकलं. मग एका बाईनं धीर करून विचारलं, "अगं, ते झाकण कसलं पडलं?" दुसरी म्हणाली, "त्या लेकराला आधी खायला घाल, दवाखान्याचं मागून सांग." तिसरी नुसतीच हसली, आणि तिच्या मागे आणखी दोघी-तिघी. आठवडाभरात वस्तीत मला नाव पडलं, झाकणवाली. लाइनीलाही कुणी आमच्या प्रकल्पाच्या नावानं ओळखेना. झाकणवालीला फोन लाव, म्हणायचे. सरांना तेव्हा याचं भारी कौतुक. येईल त्याला झाकणाची गोष्ट सांगायचे.

खारूला त्या निरोपांचा नाद लागला. दूध पिताना, वेणी घालताना, "मावश्या लाव" म्हणायची. मीही लावायचे. मोजे जोडता जोडता मी माझं काम करत होते आणि ती तिचं.

अशाच एका दुपारी शिवणवालीचा निरोप आला. तिला मी ओळखत होते. दारात मशीन टाकून वस्तीचे फाटके-उसवलेले कपडे शिवून देते. पहिल्यांदा गेले तेव्हा लाइन कशी वापरायची ते मी तिला समजावू लागले, तर म्हणाली, "शिकवू नकोस गं, नंबर सांग." नुकतीच आजी झाली होती.

"झाकणवाले, मी शिवणवाली. तू म्हणतेस दवाखाना रोज सकाळी उघडतो. मी सुनेला आणि बाळाला घेऊन दारात उभी आहे. बाळाची लस राहिलीय. आता तुझं खरं मानू का माझ्या डोळ्यांचं? थांब, ऐकवते."

खण्. खण्. खण्.

"हे कुलूप. कळलं ना?"

मी खात्यात फोन केला. "उघडतो," ते म्हणाले. मी म्हटलं, आज बंद होता. "असेल एखादा दिवस." दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाईनं कुलूप वाजवलं. मग तिसरीनं दगडानं वाजवलं. एक म्हातारबुवा फक्त म्हणाले, "माझंही ऐक," आणि दाराला लाथ घातल्याचा आवाज आला. ठरवून कुणी केलं नव्हतं. पण लाइनीवर एकामागून एक कुलूपच वाजायला लागलं, आणि एक दाबणाऱ्या प्रत्येकाला मी आपली गोड आवाजात सांगतच होते, दवाखाना रोज सकाळी उघडतो.

सरांनी बोलावून घेतलं. आमचं ऑफिस म्हणजे एक खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि कोपऱ्यात तो कॉम्प्युटर, ज्यावर लाइन चालते. सासूबाईंना त्या दिवशी दाढ काढायची होती, म्हणून खारूही बरोबर. ती टेबलाखाली बस्तान मांडून बसली.

"पुढच्या आठवड्यात पाहुण्या येताहेत," सर म्हणाले. "परदेशी संस्थेच्या मोठ्या बाई. बरोबर खात्याचे साहेब. त्याआधी ते दोन नंबरचं बटण काढून टाक."

"काढून टाकायचं म्हणजे?"

"म्हणजे काढून टाकायचं. एक दाबा, ऐका, फोन ठेवा. आपण संशोधक आहोत, तक्रारपेटी नाही."

"पण सर, लोक बोलायला लागलेत, हाच तर आपला निष्कर्ष आहे."

"निष्कर्ष हा आहे की लोक ऐकतात. ऐकतात ना?"

"ऐकतात. मग तान्ही मुलं घेऊन तिथवर जातात. आणि कुलूप बघून परत येतात."

त्यांनी चष्मा काढून पुसला. वाईट माणूस नाही हा. माझं बाळंतपण सांभाळून, दुपारच्या झोपेच्या हिशोबानं मला काम देणारा दुसरा कोण होता? "हे बघ," ते म्हणाले, "खात्याच्या परवानगीवर आपलं गाडं चाललंय. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या तर उद्या अख्खी लाइन बंद. मग तुझी शिवणवाली बोलेल कुठे?"

मी दुसरं मागितलं. "मग निदान दवाखाना उघडतो हे वाक्य तरी काढू या."

"ते खात्याचं वाक्य आहे."

"आवाज माझा आहे."

"आणि झाकण माझं आहे," टेबलाखालून खारू म्हणाली.

सरांना हसू आवरलं नाही. पण हसून झाल्यावर म्हणाले, "तुला नकोच असेल तर मशीनचा आवाज बसवू. त्याच्या घरात झाकण पडत नाही. विचार कर. तुझी नेमणूकही याच वेळी पुढे न्यायची आहे."

घरी सासूबाई सुजलेल्या गालावर बर्फ धरून बसल्या होत्या. माझं तोंड बघून म्हणाल्या, "दाढ माझी काढली आणि कळ तुला आलीय का?"

मी सगळं सांगितलं. माझ्या नोकरीबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतंच. रजईत शिरून बोलायचं, याला काय नोकरी म्हणायची?

"मला एवढंच सांग," त्या म्हणाल्या, "तो दवाखाना उघडा असतो का?"

"नाही."

"मग तू उघडा आहे म्हणून का सांगतेस?"

"सांगायला लावतात हो."

"लावतात," त्या म्हणाल्या. "तुझा नवरा लहानपणी काच फोडून आला की हेच म्हणायचा. शेजारच्यानं लावलं." मग बर्फ बाजूला ठेवून उठल्या. "उद्या खारूला मी बघते. तू जाऊन ये तिकडे. इथे बसून कुढू नकोस."

शिवणवालीच्या दारात आठ-दहा जणी जमल्या. मी म्हटलं, तुमचे निरोप आतापर्यंत मीच ऐकत होते. आता लाइन अशी करते की ते सगळ्यांना ऐकू येतील. वस्तीला, खात्याला, येणाऱ्या पाहुण्यांनाही. तुमचा आवाज ओळखला जाईल. चालेल का?

"न चालायला काय झालं?" शिवणवाली मशीन न थांबवता म्हणाली. "मी काय कुलपाला लाजू?"

एकजणी मात्र नको म्हणाली. तिचा दीर दवाखान्यात झाडलोट करतो, उगीच त्याच्यावर यायचं. तिचा निरोप मी तिथल्या तिथे पुसला. बाकीच्यांनी माना डोलावल्या, एकीनं तर विचारलं, "मग परत नीट वाजवून देऊ का? माझा जरा हळू वाजलाय."

दुसऱ्या दुपारी सासूबाई खारूला घेऊन खाली अंगणात गेल्या. जाताना म्हणाल्या, "शीर आता त्या रजईत."

मी रजई घेतलीच नाही. पंखा चालू ठेवला, खिडकीही उघडी. खाली भांडणारी मुलं ऐकू येत होती, येऊ दिली. आवाज गोड करायचा नाही असं काही ठरवलं नव्हतं, तो आपोआपच झाला नाही.

"खात्याचं म्हणणं आहे की दवाखाना रोज सकाळी उघडतो. तिथे जाऊन आलेल्यांचं म्हणणं ऐकायचं असेल तर दोन दाबा. तुम्हाला काही सांगायचं असेल तर तीन दाबा आणि बोला."

बस, एवढंच. घरूनच ते लाइनीवर चढवलं आणि सरांना निरोप पाठवला: दोन नंबर काढलेला नाही, उलट तीन वाढवलाय. उत्तर आलं नाही. त्यांनी तो वाचला होता की नव्हता, मला आजही ठाऊक नाही. पण पाहुण्या आल्या त्या सकाळी मी ऑफिसात शिरले तेव्हा ते कॉम्प्युटरसमोर उभे होते, हात मागे बांधून. वायर ओढायची तर एक हात पुरला असता. जिन्यावर पावलं वाजली, तसे ते वळले आणि खुर्च्या नीट लावायला लागले.

पाहुण्या बाई साध्या होत्या, प्रश्न विचारणाऱ्या. म्हणाल्या, मला भाषणं नकोत, लाइन ऐकवा. सरांनी नंबर फिरवला, एक दाबलं, स्पीकर लावला. माझा आवाज आला. पंखा आला, भांडणारी मुलं आली. "दोन दाबते हं," म्हणत बाईंनी स्वतःच दोन दाबलं.

"झाकणवाले, मी शिवणवाली..."

खण्. खण्. खण्.

मग दगड. मग लाथ.

"हा आवाज कसला?" बाईंनी विचारलं.

खात्याचे साहेब सरांकडे बघत होते, सर खिडकीकडे. मीच म्हटलं, "कुलपाचा. दवाखान्याच्या."

"तो सुट्टीचा दिवस असणार," साहेब म्हणाले.

"तसं असेल तर तीन दाबून सांगा," मी फोन त्यांच्यापुढे सरकवला. "सगळी वस्ती ऐकेल."

त्यांनी फोनला हात लावला नाही. बाई उठल्या. म्हणाल्या, चला, दवाखानाच बघू या.

दवाखाना उघडा होता. फरशी पुसून अजून ओली होती, दाराला रंगाचा वास येत होता, डॉक्टरांच्या कोटाची घडीही मोडली नव्हती. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी मीच आठवडाभर कुलपं वाजवत बसले होते. आणि रांगेत सगळ्यांत पुढे शिवणवाली होती, शेजारी सून, सुनेच्या खांद्यावर बाळ. सुई टोचल्यावर ते असं काही रडलं की पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले. जाताना शिवणवाली माझ्या कानाशी लागली. "ही बाई बरी आहे. रोज आणत जा."

संध्याकाळी सर म्हणाले, "लाइन महिनाअखेरपर्यंत आपल्याकडे. मग खातं घेतंय, मशीनच्या आवाजात, फक्त एक नंबरचं बटण ठेवून. तुझी नेमणूकही तोपर्यंतच. बाईंनी खात्याला आणखी काही विचारलंय, पण ते वरच्या साहेबांकडे चाललंय, माझ्या हातात नाही." एक खुर्ची उचलत म्हणाले, "तू साहेबांना एकदा भेटून चुकलं म्हणालीस तर..."

"काय चुकलं म्हणू, सर?"

ते खुर्च्या एकात एक रचायला लागले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "महिना संपेपर्यंत लाइनीचा पासवर्ड मी बदलणार नाहीये."

मी रोज दुपारी काम करते. नवे निरोप येतात ते दोनवर चढवते. शाळेच्या नळाबद्दल एक आलाय, रेशनच्या दुकानाबद्दल दोन. महिना संपला की काय, ते तेव्हा बघू. नंबर सगळ्यांना पाठ आहे आणि शिवणवालीला आता मशीनच्या आवाजातलं खोटंही ओळखू येईल.

आज खारू झोपलीच नाही. फोन माझ्या हातून ओढून घेतला, लाइन लावली आणि सवयीनं दोन दाबलं. फोन फरशीवर ठेवून त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"झाकणवाले, मी. परवा लस झाली गं. बाळ रात्रभर तापलं होतं, पोट थोडं गरम आहे अजून. ते ठीक असतं का, एवढंच विचारायला आले होते. पण आज परत कुलूप आहे. ऐक."

खण्. खण्. खण्.

खारू उठली, स्वयंपाकघरातून झाकण घेऊन आली आणि फरशीवर तसंच वाजवून बघितलं. तीनदा. मग कान देऊन थांबली, फोनमधून कुणी काही बोलतंय का म्हणून. निरोप संपला होता.

"आई," ती म्हणाली, "मावशी एवढ्यांदा वाजवते, मग आतलं माणूस दार का नाही उघडत?"