सांता ब्रिखिदाच्या मापाचा पुतळा

मी शिवणाच्या दुकानातला पुतळा बोलतोय. मला डोकं नाही, हात नाहीत. मान ते मांड्या एवढाच काय तो मी, आणि खाली तीन पायांची लाकडी घोडी. अंगलट बाईची असली तरी मनानं मी म्हातारबुवाच. डोकं नसल्यामुळं विचार सावकाश येतात, तेव्हा तुम्हीही जरा दमानं घ्या.

कागदाच्या लगद्यातून मी घडलो. वर खळ, खळीवर जाडं कापड. एउलालियाबाईंनी मला बसच्या टपावर बांधून या टेकडीवरच्या गावात आणलं. तेव्हा इथं पर्यटक नव्हते. चर्च, बाजार आणि बाईंचं शिवणाचं दुकान, झालं गाव. निम्म्या गावाचे लग्नाचे झगे माझ्या अंगावर उभे राहिले. नवऱ्या मुली आरशात बघायच्या आधी मला बघून रडायच्या.

पण बाईंचं मानाचं काम वेगळंच. गावची संत सांता ब्रिखिदा. तिच्या सणाला तिला दरवर्षी नवा झगा लागतो. मूर्ती काही माप द्यायला दुकानात येत नाही, आणि चर्चमध्ये तिच्या अंगावर टाचण्या टोचणं बरं दिसत नाही. म्हणून बाईंनी कापूस लावून, शिवून, मला हुबेहूब तिच्या मापाचं केलं. मूर्तीचा डावा खांदा जरा उतरता आहे, तर माझाही उतरवला. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. गावाला वाटायचं, बाई नुसत्या नजरेनं माप घेतात. बाईंना ते आवडायचं, मग मीही गप्प राहिलो.

बाई गेल्या आणि मी कोपऱ्यात पडलो. पालीनं माझ्या मानेत संसार थाटला. चांगली पाल होती.

मग राजधानीतून त्यांची भाची यादिरा आली. तोवर गावात पर्यटकच पर्यटक झाले होते. तिनं मला झटकलं, पुसलं, काळ्या लेसचं काहीतरी नाजूक घातलं आणि रस्त्याकडच्या काचेत उभं केलं. वर पाटी लावली: फक्त मोठ्यांसाठी. लेस ती स्वतः शिवायची. बाकी तेलं होती, मेणबत्त्या होत्या, आणि काही डबे होते. डब्यांत काय होतं ते, डोकं नसल्यामुळं, मला कळलं नाही असं समजा.

पर्यटक हसत पुढच्या दारानं यायचे. गावातली माणसं समोरून जाताना आभाळाकडं बघायची आणि मागच्या दारानं यायची.

गावात दोन तट पडले. शेवटी नगराध्यक्षांनी चौकात सभा बोलावली. हात वर करून ठरणार होतं, दुकान राहणार की जाणार. पुरावा म्हणून मलाही उचलून नेलं, लेससकट. मंचावर मी, आणि समोर सगळं गाव.

रेफुखियोबाई उठल्या. संतिणीच्या मंडळाच्या त्या प्रमुख. मूर्तीला झगा चढवण्याचा मान त्यांचा.

"बघा! अशी उघडी बाई उभी करते ही काचेत!"

"उघडी कुठं, आजी? लेस आहे की," न्हावी अपोलिनार मागून ओरडला.

"तू गप रे! लेस बरी दिसते तुला. दाढी करताना गिऱ्हाइकाचा कान दिसत नाही!"

गाव खदखदलं. यादिरा मात्र हसली नाही.

"आजी, दुकान गेलं तर मला परत राजधानीत जाऊन कारखान्यात राबावं लागेल. आत्याचं घर विकावं लागेल."

"मग आत्यासारखी शीव ना, लग्नाचे झगे!"

"आता सगळे तयार आणतात. तुमच्या नातीनंसुद्धा आणला."

रेफुखियोबाई लाल झाल्या. "ते राहू दे! आधी ह्याला झाका कुणीतरी. पोरंबाळं बसलीत." कुणी पुढं येईना, तेव्हा त्यांनी आपलीच शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली.

शाल डावीकडून घसरली. त्यांनी वर ओढली. पुन्हा घसरली. मग बोलता बोलताच त्यांनी आपल्या गळ्याशी लावलेली टाचणी काढली, खांद्याच्या जरा मागं एक चुणी घेतली आणि टाचली. शाल बसली.

बाई बोलायच्या थांबल्या.

ही चुणी त्या आयुष्यभर एकाच खांद्यावर घेत आल्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मग पाठीवरून फिरवला, कमरेशी आणला. डोळे मिटलेले.

"यादिरा," त्या हळूच म्हणाल्या, "हा कुठून आणलास गं?"

"आत्याचाच आहे."

"अगं, ही तर आपली ब्रिखिदा आहे!"

एउलालियाबाई गेल्यापासून संतिणीचा झगा शहरातून यायचा आणि पोत्यासारखा लोंबायचा. शेजारच्या गावचे लोक मिरवणुकीत हसायचे. ते सगळ्यांना आठवलं.

वाटलं, आता यादिरा सौदा करणार. पण ती एवढंच म्हणाली, "मग घेऊन जा, आजी. संतिणीचा आहे तर तिच्याकडंच राहू दे."

"नेऊन काय करू? शिवणार कोण?"

"मला येतं. आत्यानं शिकवलंय. पण राजधानीतून कशी शिवणार?"

नगराध्यक्षांनी घसा साफ केला. "तर मग, दुकान बंद करावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात..."

"हात खाली ठेवा!" रेफुखियोबाई कडाडल्या. "सण तोंडावर आलाय. यादिरा, काचेला पडदा लाव म्हणजे झालं. आणि मखमल निळी आण."

तेव्हापासून सण जवळ आला की मंडळाच्या बाया दुकानात बसून संतिणीच्या झग्याला मणी शिवतात. येतात मागच्या दारानंच, पण पडद्याआड हसणं पुढच्या रस्त्यापर्यंत ऐकू जातं.

कालच मिरवणूक झाली. झगा असा बसला की शेजारच्या गावानं टोप्या काढल्या. त्यासाठी आदल्या दिवशी तो माझ्या अंगावरून उतरवला, तेव्हा खोलीत मी आणि रेफुखियोबाई दोघंच होतो. यादिरा झगा घेऊन चर्चला गेली होती. बाई दारापर्यंत गेल्या, थबकल्या, वळून माझ्याकडं बघितलं.

"असं उघडं ठेवू नये कुणाला," त्या पुटपुटल्या. मग इकडं तिकडं बघून खुंटीवरची काळी लेस काढली आणि स्वतःच्या हातानं मला घातली. डाव्या खांद्यावर चुणी घेऊन, व्यवस्थित.

आता कापूस जुना झालाय, घोडीचा एक पाय डुगडुगतो. मागणं फार नाही. मखमल असो की लेस, जे घालाल ते घाला. टाचणी तेवढी हळू लावा.