हात लावून बघा

मुलांना काही शिकवणं फारसं अवघड नसतं. शिकवलेलं त्यांच्याकडून विसरवून घेणं मात्र मला आयुष्यात एकदाही जमलेलं नाही.

आमचं गाव बसऱ्याच्या पूर्वेला, नदीच्या पलीकडे, इराणच्या सरहद्दीला चिकटून. मोठी लढाई झाली ती आमच्याच खजुरीच्या बागांमधून, आणि नंतरच्या लढायांनीही जाता जाता आमच्याकडे काही ना काही टाकलंच. त्यामुळे शाळेत अलिफ-बे शिकवायच्या आधी मला दुसरंच शिकवावं लागतं. रोज सकाळी मी विचारते, "पडलेलं लोखंड दिसलं तर?" आणि मुलं बेंबीच्या देठापासून ओरडतात, "हात मागे, पाय मागे, मोठ्यांना हाक." मग हजेरी. माझ्या वर्गातलं एकही मूल त्या लोखंडाने गेलेलं नव्हतं. मला त्याचा गर्व होता आणि तो मी लपवतही नव्हते.

त्या वर्षी शहरातल्या म्युझियमने शाळांच्या सहली सुरू केल्या. बस त्यांची, जेवणाचा डबाही त्यांचाच. हे म्युझियम निसर्गाचं. राजे-रजवाडे, नाणी वगैरे तिथे काही नाही. दलदलीतले पक्षी, वाळवंटातले कोल्हे, समुद्रातले मासे, सगळे पेंढा भरून ठेवलेले. दाराशी मोठ्या अक्षरांत पाटी होती: "हात लावून बघा."

कार्यक्रम चालवणारा वस्साम नावाचा तरुण होता. मुलं त्याला उस्ताद म्हणायला लागली आणि पाचच मिनिटांत त्याच्या खांद्यावर चढायची बाकी राहिली. मला असली माणसं चटकन आवडत नाहीत, पण हा आवडला. टेबलावर त्याने कवट्या, कातडी, पिसं, कासवाची पाठ असं सगळं मांडलं होतं आणि तो मुलांना म्हणत होता, "डोळे फसवतात. हात फसवत नाहीत. हाताने शिकलेलं मरेपर्यंत विसरत नाही."

सगळ्यांत शेवटी पेटी. लाकडाची, समोर गोल भोक, भोकाला कापडाची बाही शिवलेली. आत हात घालायचा आणि न बघता ओळखायचं. इथे आमची तबारक सुटली. दहा वर्षांची काडीसारखी पोर, वर्गात तोंडातून शब्द काढत नाही. पेटीत हात गेला आणि तिला वाचा फुटली.

"पीस आहे. पाणपक्ष्याचं, तेलकट लागतंय."

"शाब्बास. आणि हे?"

"कवटी. कोल्ह्याची."

"कुत्र्याची का नाही?"

"कुत्र्याचं थोबाड याहून रुंद असतं, उस्ताद. तुमच्याकडे कुत्रा नाही का?"

मुलं खो खो हसली, वस्सामही हसला. तिची चुलत बहीण रुकय्या मागे उभी राहून धुसफुसत होती. तिने बिचारीने कासवाच्या पाठीला नारळ म्हटलं होतं.

मग वस्सामने टेबलाखालून काहीतरी काढून पेटीत सरकवलं. तबारकचा हात आत गेला आणि तिथेच थांबला. तिचा चेहरा एकदम मोठ्या बाईसारखा झाला.

"डाळिंब," ती म्हणाली.

आमच्याकडे त्या लोखंडी गोळ्यांना डाळिंबच म्हणतात. विमानातून एका टोपल्यात शेकड्यांनी पडतात. काही फुटतात, काही मातीत वाट बघत बसतात.

"बरोबर," वस्साम म्हणाला. "आणि बाहेर कुठे दिसलं तर याला कधीही हात लावायचा नाही." असं म्हणत त्याने तो गोळा बाहेर काढला आणि पहिल्या मुलाच्या हातात दिला. गोळा हातोहात फिरू लागला.

मी पुढे झाले आणि रुकय्याच्या हातातून तो काढून घेतला.

"पोकळ आहे, बाई," वस्साम हळूच म्हणाला. "आतलं सगळं काढलंय. आम्हाला पैसे देणाऱ्या संस्थेचाच आग्रह आहे. मुलांना ओळखता यायला हवं."

"माझ्या मुलांना ओळखता येतं. यांच्या घरोघरी पाय नसलेले काका बसलेत."

"पण हाताने शिकलेलं विसरत नाहीत, बाई. आमचा सगळा कार्यक्रम त्याच्यावर उभा आहे."

"तेच म्हणतेय मी. काय शिकले ते हात आत्ता? डाळिंब हातात घेतलं, काही झालं नाही. हेच ना?"

त्याच्या तोंडावरचा रंग उतरलेला मला दिसला, म्हणजे त्याला समजलं होतं. पण बाहेर दुसऱ्या शाळेची बस येऊन उभी राहिली होती.

परतीच्या वाटेवर माझ्या मागच्या बाकावर चर्चा चालली होती. "किती हलकं होतं ना." "मला वाटलं होतं गरम असेल." मी वळून डोळे वटारले. सगळे खिडकीबाहेर बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, "पडलेलं लोखंड दिसलं तर?" नेहमीचं उत्तर आलं, पण मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, आणि पोकळ असलं तर?" वर्ग हसला. इतक्या वर्षांत त्या उत्तरावर कोणी हसलं नव्हतं.

आठवडाभरात मधल्या सुट्टीत नवा खेळ सुरू झाला. पिठाचं रिकामं पोतं, त्यात मुलं काहीबाही टाकायची आणि तबारक हात घालून ओळखायची. शेळीचं हाड, सायकलची साखळी, कोणाच्या तरी आजोबांची कवळी. ती कधी चुकायची नाही. मी पोतं जप्त केलं, चुलीत घातलं, खेळ बंद म्हणून दम भरला. मुलांनी माना हलवल्या. मुलांच्या माना कशा हलतात हे मला चांगलं ठाऊक आहे.

मग मी वस्सामला फोन केला.

"तुम्ही इथे या आणि स्वतःच्या तोंडाने सांगा की तुमचं चुकलं. माझं ऐकणार नाहीत. मी रोजची आहे, तुम्ही पाहुणे."

"संचालक नाही म्हणतात, बाई. चुकलं असं म्हटलं तर संस्था हात काढून घेईल. बस बंद होईल."

"बस गेली खड्ड्यात. एखाद्या पोराचा हात गेला तर काय सांगणार आहात? कुठल्या प्राण्याचा ते ओळखायला?"

तो म्हणाला, "गुरुवारी येतो. कोणाला न सांगता येतो." माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते.

गुरुवारी तो आला. शहरातून उस्ताद येणार म्हणून गावातल्या बायका शाळेच्या अंगणात जमल्या होत्या. रुकय्याची आई, जिला सगळं गाव थोरल्या मुलाच्या नावाने उम्म जासिम म्हणतं, खजूर भरलेल्या क्लेचा बिस्किटांचं ताट घेऊन आली होती. चहा झाला. वस्साम मुलांसमोर उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "मी तुम्हाला एक चुकीची गोष्ट शिकवली."

"थांबा ना उस्ताद," मुलं एकसुरात म्हणाली. "आधी आमचं बघा."

त्यांची तालीम झालेली होती. माझ्या नाकावर टिच्चून झालेली होती. टोमॅटोच्या खोक्याला भोक पाडून, त्याला कोणाच्या तरी शर्टाची बाही शिवून त्यांनी हुबेहूब पेटी केली होती. मी उठले, पण उम्म जासिमने माझा पदर ओढावा तसा अबाया ओढला. "बघू दे गं बाई, पोरांनी हौसेने केलंय. तू सदान्‌कदा कशी चिडलेली?"

तबारकने हात घातला. "मेंढीचं शिंग." टाळ्या. "शिंपला, नदीतला." टाळ्या. रुकय्या खोक्याच्या मागे बसून एकेक वस्तू आत सरकवत होती. तिचे डोळे लकाकत होते. म्युझियमसारखंच तिलाही शेवटी काहीतरी खास द्यायचं होतं.

तबारकचा हात थांबला.

आतून कट् असा बारीक आवाज आला. मला तो ऐकू आला, कारण त्याच क्षणी मुलंही गप्प झाली होती.

"बाई," तबारक म्हणाली, "हे जड आहे."

मी खोक्याकडे एक पाऊल टाकलं.

"बाई, सगळ्यांना लांब न्या. मी हात हलवत नाही."

मी मुलांना उचललं, ढकललं, ओढलं, शाळेच्या मागच्या भिंतीआड नेलं. बायका किंचाळत नव्हत्या. आमच्याकडच्या बायकांना कधी किंचाळायचं नाही ते कळतं. हमरस्त्यावर सुरुंग काढणाऱ्यांचा तळ आहे, तिकडे जासिम मोटारसायकल घेऊन सुटला. तबारकची आई धावत सुटली, तिला दोघींनी धरून ठेवलं. मी कोपऱ्यावरून डोकावून पाहिलं. अंगणात तबारक एकटी नव्हती. वस्साम तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला होता आणि त्याने तिच्या कोपराखाली स्वतःचा तळहात दिला होता.

"उस्ताद, तुम्ही जा," ती म्हणत होती.

"मी कुठे जाऊ? मला इथली वाट माहीत नाही. तू सांग, कुत्र्याचं थोबाड कसं असतं?"

"रुंद."

"किती रुंद?"

ती सांगायला लागली. मग कोल्ह्याचं, मग मुंगसाचं. तिचा आवाज मधेच फाटायचा, की तो पुढचा प्राणी विचारायचा. मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या देत होते आणि त्याच मनाने त्याच्यासाठी दुआही मागत होते. भिंतीआड मुलं अंग चोरून बसली होती. माझं सगळं लक्ष अंगणात होतं.

सुरुंगवाल्यांची गाडी आली. त्यांचा प्रमुख अरकान म्हणून पांढऱ्या मिशांचा माणूस होता. त्याने वस्सामला दूर केलं, वाळूच्या पिशव्या रचल्या, खोक्याची एक बाजू कात्रीने कापली आणि पोटावर आडवा होऊन आपला हात तबारकच्या हाताखाली सरकवला. "आता माझ्या हातात आहे," तो म्हणाला. "तुझा काढ. हळू. लोण्यातून केस काढतात तसा." तिने हात काढला. दुसऱ्या माणसाने तिला उचललं आणि भिंतीआड आणलं. थोड्या वेळाने अरकानने तो गोळा शेताच्या कडेला खड्ड्यात ठेवला आणि हात वर करून सगळं ठीक असल्याची खूण केली.

मग मात्र बायकांना कंठ फुटला. लगीनघरात होतो तसा आनंदाचा कल्लोळ झाला. तबारकची आई तिच्या हाताचे मुके घेत होती, एकेका बोटाचे. उम्म जासिम क्लेचांचं ताट घेऊन सगळ्यांच्या तोंडात एकेक कोंबत होती, सुरुंगवाल्यांच्याही. वस्साम भिंतीशी बसून ढसाढसा रडत होता. मीही रडले. मला वाटलं, वाचलो.

अरकान तबारकसमोर उकिडवा बसला. "कुठून आणला होता हा, बेटा?"

"खोक्यात तो असेल हे मला माहीत नव्हतं. रुकय्याने आणला. कालव्याजवळ सापडला, असं कालच म्हणाली होती."

"एकच होता?"

तबारकने आईकडे बघितलं. "दोन आहेत. दुसरा तिने कोंबड्यांच्या खुराड्यामागे ठेवलाय. तो पोकळ आहे म्हणाली."

अरकान उठून उभा राहिला. "रुकय्या कोण?"

मी भिंतीआडच्या मुलांकडे वळले. सगळी होती. रुकय्या नव्हती. कोपऱ्यात बसलेली एक मुलगी म्हणाली, "ती मघाशीच गेली, बाई. गाडी आली तेव्हा. रडत होती. दुसरा कोणाला सापडायच्या आत कालव्यात टाकून येते म्हणाली. तिचे बाबा मारतील म्हणून."

उम्म जासिमने ते ऐकलंच नाही. तिकडच्या गलक्यात ती अजून क्लेचा वाटत होती. अरकान आणि त्याची माणसं कालव्याच्या दिशेने धावायला लागली तेव्हा ती हसत म्हणाली, "अरे, खाऊन तरी जा."

आवाज फार मोठा नव्हता. मोठ्या बॉम्बचा असतो तसा तर नव्हताच. खजुरीतले सगळे पक्षी एकदम उडाले.

प्रत्येक बाईने आपापलं मूल जवळ ओढलं. उम्म जासिमने आजूबाजूला बघितलं, एकेका मुलाच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे आली. ताट तिच्या हातातच होतं.

"बाई," ती म्हणाली, "माझी रुकय्या तुझ्याजवळ होती ना?"